चार कुलपं

“आधी वाकडं काढा म्हणे, आणि मग त्या रेघेला समजावून सांगा, की बाई गं, तू सरळ आहेस! हे ड्रॉइंग झालं का रुसलेल्या सुनेची समजूत काढणं झालं?”

तात्या पुटपुटले. म्हणजे त्यांच्या मते ते पुटपुटले; शेजारच्या खुर्चीतल्या रेघताईच्या कानाचे पडदे हलले, आणि पार पुढे भिंतीपाशी उभ्या असलेल्या मॅडमनाही हसू आवरेना.

“गप बसा हो तात्या,” रेघताई ओठ न हलवता म्हणाली. “मला ऐकू द्या.”

ऐकण्याची तिला एवढी काही ओढ नव्हती. तात्या बोलले की सगळी खोली त्यांच्याकडे वळून बघते, आणि त्यांच्याकडे बघितलं की शेजारी ती दिसते, एवढीच तिची अडचण. तिचा उजवा हात माउसवर होता. डाव्या हातात रुमाल होता, आणि रुमालाच्या आडून तो डावा हात उजव्या मनगटाला असा आवळून बसला होता, जसं काही सोडलं तर पाखरू उडून जाईल.

पंपांच्या कारखान्याचा हा ड्रॉइंग विभाग. पंप आणि त्याला फिरवणारी मोटर ज्या जाड लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळून बसवतात, तो पाट, म्हणजे बेसप्लेट; तिचे पाय, वरची झाकणं, असल्या कुणाच्या डोळ्यात न भरणाऱ्या वस्तू इथे कागदावर जन्माला येत. गिऱ्हाईकाने मोटर बदलली की पाटाची लांबी बदलायची, भोकं सरकायची आणि अख्खं ड्रॉइंग पुन्हा नव्याने करावं लागायचं. ते आता बंद. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलला की बाकीचं सगळं आपलं आपण जागेवर जाऊन बसलं पाहिजे, असा वरून हुकूम आला होता. शिकवायला बाहेरून मॅडम आल्या होत्या, रेघताईला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. शुक्रवारी मोठे साहेब एकेकाला पुढे बोलावून सगळ्यांदेखत बेसप्लेटचं स्केच करून घेणार होते. ज्याला जमेल तो इथेच. नाही जमणार तो खाली रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या ड्रॉइंगांच्या गुंडाळ्यांत.

“कुणालाही काढणार नाही,” असं साहेब इतक्यांदा म्हणाले होते, की सगळ्यांनी आपापली रिटायर व्हायला उरलेली वर्षं मोजायला घेतली. रेकॉर्ड रूम तळघरात होती. मागे एकजण तिथे गेला, तर वर्षभराने जेवणाच्या सुट्टीत दिसल्यावर लोकांनी त्याला विचारलं, “अरे, तू रिटायर नाही का झालास?”

रेघताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कोवळ्या वयात ती इथे ट्रेसर म्हणून लागली. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर पातळ कागद पसरायचा आणि शाईने गिरवायचं. पेन मध्येच थांबलं तर ठिपका पडतो, दम सुटला तर रेघ जाड होते. ती श्वास धरून कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मगच श्वास सोडायची. तेव्हाच्या हेड ड्राफ्ट्समननी एकदा तिच्या रेघेवर भिंग धरलं, इकडून तिकडे नेलं, तिकडून इकडे आणलं आणि म्हणाले, “ही पोरगी हाताने काढते का दोरा ताणून?” तेव्हापासून ती रेघताई. लग्नातल्या आहेरावरसुद्धा ऑफिसातल्यांनी तेच नाव घातलं होतं, आणि तिच्या नवऱ्याला कितीतरी दिवस वाटत होतं की हे तिचं माहेरचं लाडाचं नाव असणार.

पुढे बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. तिथेही तिने बोर्डाची शिस्त सोडली नाही. माप आधी, रेघ मग. आकडा टाइप करायचा, रेघ तेवढीच यायची, ना केसभर कमी ना केसभर जास्त. आणि आता ही मुलगी भिंतीवरच्या मोठ्या चित्रात फराटे ओढल्यासारखा चौकोन काढून दाखवत होती. एक बाजू लांब, एक तोकडी, कोपरे आपापल्या मर्जीचे. सगळ्या रेघा निळ्या.

“निळी म्हणजे मोकळी,” मॅडम म्हणाल्या. “धरून ओढली तर कुठेही जाईल. आता आपण एकेक बंधन घालायचं. ही रेघ आडवी. ही उभी. या दोघी सारख्या. हे भोक मध्यरेषेच्या अलीकडे जेवढं, तेवढंच ते पलीकडे. कोण कुणाशी कसं वागणार ते आधी ठरवायचं, आणि माप सगळ्यात शेवटी. काहीच सांगायचं उरलं नाही, की रेघ काळी होते. काळी म्हणजे झालं.”

“आणि जास्त सांगितलं तर?” कुणीतरी विचारलं.

“मग लाल होते. आधी एक सांगितलंत आणि आता दुसरंच सांगताय, म्हणून भांडते.”

“म्हणजे आमच्याच घरातली,” तात्या म्हणाले.

खोली हसली. रेघताईही हसली, पण तिचं लक्ष खालच्या कोपऱ्यातल्या एका बारीक चित्राकडे होतं. कुलपाचं चित्र. मॅडमनी ते तिच्या नजरेच्या पाठोपाठ जाऊन टिपलं असावं.

“आणि हे कुलूप. हे मात्र वापरायचं नाही हं. हे लावलं की बिंदू आहे तिथे खिळून बसतो. दिसायला रेघ काळी दिसते, आपल्याला वाटतं झालं. पण आकडा बदलला की तो बिंदू जागचा हलत नाही, आणि सगळं बिनसतं.”

“वापरायचं नाही, तर ठेवलंय कशाला?” तात्या म्हणाले.

“मोह व्हावा म्हणून,” मॅडम म्हणाल्या.

हात थरथरायला लागला तो मागच्या थंडीत. तेव्हा सगळेच काकडत होते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मग थंडी गेली. हात तसाच राहिला.

आधी फक्त पेला उचलताना व्हायचं. मग सही करताना. मग नुसता मांडीवर ठेवला तरी अंगठा आपला मोजणी केल्यासारखा बोटावर घासत राहायचा. रेघताईने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. न विचारण्याचीसुद्धा एक पद्धत असते, ती मात्र सगळ्यांनी आपापली शोधून काढली. चहाच्या मशीनपाशी तात्या हल्ली तिच्या आधी पोचायचे आणि तिचा कप अर्धाच भरून आणायचे. “मशीन कंजूष झालंय मेलं,” म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या कपातला चहा काठापर्यंत हेलकावत असायचा.

घरी नवरा टेलर. एका सकाळी तिने ऑफिसला जाताना स्वेटर घातला, तर बटणं गायब आणि त्या जागी चेन.

“हे कुणी केलं?”

“मी,” तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला. “हल्ली चेनच चालते. बटणं जुनाट दिसतात.”

जन्मभर ज्याने गिऱ्हाइकांना सांगितलं की काजबटणाची शान चेनला नाही, तो हे म्हणाला. तिने चेन वर ओढली. एका झटक्यात गळ्यापर्यंत गेली. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, मग बस आली.

वर्गात खरी पंचाईत वेगळीच होती. वाकडं काढायचं, हे तर तिच्या हाताला आता आयतंच जमत होतं. पण मॅडम म्हणाल्या तसं निळं होतं ते ओढलं की जायचं. तिने रेघ निवडायला माउसचं बटण दाबलं, की दाबलेल्या बोटाबरोबर हात हलायचा, हाताबरोबर बाण हलायचा आणि बाणाबरोबर रेघ चालू पडायची. भोक पकडून मध्यरेषेशी त्याचं नातं जोडायला जावं, तर ते भोकच कुठल्या कुठे. पुन्हा मागे घ्यायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा तेच. शेजारी तात्या शिव्या घालत का होईना, एकेक रेघ काळी करत पुढे जात होते. हिचं स्केच आपलं निळंच्या निळं.

“रेघताई,” एका दुपारी मॅडम खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाल्या, “माउसचा वेग कमी करून देऊ का?”

“कशाला?” तिचा आवाज होता त्यापेक्षा चढला. “मला काय झालंय?”

“तुम्हाला कुठे काय. सगळ्यांनाच करून देतेय मी.”

आणि शब्द खरा करायचा म्हणून ती पोरगी खरंच सगळ्यांच्या मशीनवर जाऊन माउसचा वेग उतरवून आली. तात्या दिवसभर कुरकुरत होते, “माझा बाण म्हातारा झाला रे! इथून निघतो तो जेवणाच्या सुट्टीत तिथे पोचतो.” रेघताईने त्या दिवशी मान खाली घातली ती संध्याकाळपर्यंत वर केली नाही. वेग उतरवून थोडा उतार पडला, पण पुरेसा नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि ती एकटीच बसून राहिली. भोक पुन्हा निसटलं. तिने ते पुन्हा आणलं, त्याची जागा आकड्यांनी टाइप केली, अगदी जिथे हवी तिथे, जशी जुन्या कॉम्प्युटरवर करायची तशी. भोक बरोब्बर जागेवर गेलं, पण निळंच. आता त्याला नुसता धक्का लागला तरी सुटणार. तिने इकडेतिकडे बघितलं. मग खालच्या कोपऱ्यातल्या कुलपावर बाण नेला आणि दाबलं.

भोक काळं झालं.

तिने त्याला मुद्दाम धक्का दिला. हात हलला, बाण हलला, भोक ढिम्म. तिच्या जिवात जीव आला. मग दुसरं, तिसरं, चौथं. चार भोकं, चार कुलपं. बाहेरच्या चौकोनाला लांबी-रुंदी रीतसर मॅडमनी शिकवल्यासारखीच दिली होती. तेवढं कसंबसं जमलं होतं. सगळं स्केच काळं कुळकुळीत. फक्त प्रत्येक भोकापाशी एक बारीकसं कुलपाचं चिन्ह दिसत होतं, चोरीच्या मालावर खूण असावी तसं. पण त्यावरही उपाय होता. ‘चिन्हं लपवा’ असं एक बटण होतं. तिने चिन्हं लपवली.

मॅडम परत आल्या, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की रेघताईला भिंतीत शिरावंसं वाटलं.

“ताई! झालं की हो! मला वाटलंच होतं, तुम्हाला जमणार.”

“हो, बसला हात,” रेघताई म्हणाली, आणि रुमालाखाली मनगट आणखी आवळलं.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी बसून भाजी निवडत होती. निवडायची म्हणजे पानं आपोआप परातीबाहेर पडत होती आणि नवरा मशीनवरून उठून, पाणी प्यायला म्हणून, येता-जाता ती उचलून परातीत टाकत होता. एका संध्याकाळी माणसाला इतकी तहान लागत नाही.

“उद्या मी येऊ सोडायला?” तो म्हणाला.

“शाळेत चाललेय का मी?”

“तसं नाही. परीक्षा आहे ना तुझी.”

“जमतंय मला. मॅडमनी बघितलंय.”

“हां. मग झालं तर.” तो परातीसमोर बसला. कात्रीने, सुईने कडक झालेली त्याची बोटं, एकेक देठ मोडत होती. “मी काय म्हणत होतो… तुझा हा…”

तिने हातातली जुडी तशीच धरली. आतल्या खोलीत घड्याळाचा आवाज यायला लागला; तसा तो रोजच येत असणार.

“तुझा हा रुमाल,” तो म्हणाला. “दे इकडे. धुऊन टाकतो. उद्या स्वच्छ घेऊन जा.”

तिने रुमाल दिला. तो उठला आणि मोरीत जाऊन बराच वेळ तो एवढासा रुमाल धूत बसला.

शुक्रवारी खोलीतल्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून लावल्या होत्या. पुढे एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि त्यावर जे होईल ते सगळं भिंतीवर माणसाएवढं मोठं दिसणार. रेघताईच्या हे आधी ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या पडद्यावरचा तिळाएवढा बाण भिंतीवर पंज्याएवढा झालेला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मोठे साहेब पहिल्या खुर्चीत बसले होते. कधीकाळी हेच साहेब शिकाऊ म्हणून आले होते, आणि रेघताईने त्यांना पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते दाखवलं होतं. ते अजून तिला अहोजाहो करत, आणि हल्ली तिच्याशी बोलताना तिच्या कपाळाकडे बघत, हातांकडे चुकूनसुद्धा नाही.

तात्या आधी गेले. तोंडाने सतत स्वतःशीच वाद घालत त्यांनी चौकोन काढला, भोकं काढली, दोनदा लाल केली, दोनदा निस्तरली. साहेबांनी लांबीचा आकडा बदलला. पाट लांबला, भोकं मुकाट्याने त्याच्याबरोबर सरकली. “आज्ञाधारक आहेत हो,” तात्या म्हणाले आणि घाम पुसत जागेवर आले.

मग रेघताई.

“ताई, तुमचं झालेलंच आहे ना? तेच उघडा,” मॅडम पटकन म्हणाल्या. “पुन्हा काढायला नको. हो ना सर?”

साहेब म्हणाले, “हो हो. तेच उघडा.” जरा जास्तच लगबगीने म्हणाले.

तिने स्केच उघडलं. भिंतीवर ते काळंभोर, नीटनेटकं उमटलं. रुमालाखालचं मनगट पांढरं पडेपर्यंत तिने आवळलं होतं. बाण तरीही चिमणीच्या शेपटासारखा हलत होता. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. 

“सुरेख,” साहेब म्हणाले. “आता समजा, मोटर लहान आली. मी लांबी कमी करतो.”

ते उठले, तिच्या शेजारी उभं राहून त्यांनी लांबीच्या आकड्यावर टिचकी मारली, लहान आकडा टाकला आणि एंटर दाबलं.

पाट आखडला. डावीकडची दोन भोकं पाटात राहिली. उजवीकडची दोन जागची हलली नाहीत. पाटाची कड त्यांच्या अलीकडे येऊन थांबली आणि ती दोन गोल भोकं पाटाबाहेर, कशातच नसलेली, नुसती हवेत लटकत राहिली.

पंपांच्या कारखान्यात इतक्या वर्षांत हवेला भोक पाडायचं काम कुणी केलं नव्हतं. पण हसलं कुणी नाही. तात्याही नाहीत. तेच जास्त वाईट होतं.

साहेबांनी चिन्हं दाखवण्याचं बटण दाबलं. चार भोकांपाशी चार कुलपं उगवली.

“कुलपं?” साहेब म्हणाले, आणि मान वळवून मॅडमकडे बघितलं. “हे असं शिकवलंय?”

रेघताईने तोंड उघडलं. तिच्या आधी मॅडम बोलल्या.

“हो सर. म्हणजे… माझ्याकडूनच राहिलं. कुलपाचं मी नीट सांगितलं नव्हतं.”

त्यांचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. खोटं बोलायची सवय नव्हती पोरीला. साहेबांच्या कपाळावर आठी आली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यातल्या लोकांना शिकवायचं काम याच मॅडमना द्यायचं का नाही, ते आजच्यावर ठरणार होतं. हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

“साहेब,” रेघताई म्हणाली, “मला जरा वेळ द्या. मी नीट करते.”

“ताई, राहू दे आता. सोमवारी बघू.”

“आत्ता करते.”

साहेब खुर्चीत जाऊन बसले. रेघताईने पहिल्या कुलपावर बाण नेला, ते निवडलं, आणि तिथे अडली. कुलूप काढायचं तर डिलीटचं बटण दाबायला हवं. उजवा हात माउसवर. डावा हात मनगटावर. तिसरा हात देवाने दिला नव्हता.

तिने डावा हात उचलला आणि कीबोर्डवर ठेवला. रुमाल मनगटावरून घसरून खाली पडला.

भिंतीवरचा बाण सुटला. इतका वेळ तो नुसता हलत होता, आता पिंजऱ्यातून बाहेर पडल्यासारखा थडथडायला लागला. खोलीतला पंखा एकदम मोठ्याने वाजतोय असं वाटायला लागलं. तात्यांनी तो पंखाच नीट न्याहाळायला घेतला. साहेब घड्याळ बघत होते. मॅडमनी वाकून रुमाल उचलला आणि घडी घालत बसल्या.

पहिलं कुलूप गेलं. दुसरं गेलं. चारही भोकं निळी झाली, मोकळी. एकाला धक्का लागला आणि ते पाटभर फिरून आलं. तिने ते जाऊ दिलं. सध्या वाकडं असू दे, असं तिला गेला आठवडाभर सांगितलं जात होतं. आज पहिल्यांदा तिने ते असू दिलं. पाटाच्या मधोमध एक आडवी आणि एक उभी मध्यरेषा काढली. आडवी काढताना रेघ तिरकी उतरली, मग तिला सांगितलं, तू आडवी. ती आडवी झाली. तिच्या हाताने नाही, सांगण्याने. शाईच्या दिवसांत तिने हे कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

मग भोकं. हे अलीकडे जेवढं, ते पलीकडे तेवढंच. निवडताना चुकलं. मागे घेतलं. पुन्हा चुकलं. पुन्हा मागे घेतलं. घामाचा ओघळ कानामागून मानेत उतरला, तो पुसायला हात नव्हता. तिसऱ्यांदा बाण थरथरत भोकाच्या मध्यावरून इकडे-तिकडे जात असताना तिने तो थांबायची वाट बघणंच सोडून दिलं. मधून जाताना दाबलं. धरलं गेलं. तिकडचं भोक उडी मारून इकडच्यासमोर येऊन उभं राहिलं. मग खालची दोघं. मग चारही एकाच मापाची. मग कडेपासूनचं अंतर, या बाजूने आणि त्या बाजूने. दोन आकडे डाव्या हाताने टाइप केले, एकेका बोटाने.

स्केच काळं झालं. कुलूप एकही नाही.

“बघा आता,” ती म्हणाली.

साहेब उठून आले. लांबी कमी केली. पाट आखडला, चारही भोकं आत सरकली. वाढवली. पाट पसरला, भोकं बाहेर सरकली. त्यांनी उगीचच आणखी दोनदा बदलून बघितलं, एखादं लहान मूल दार उघडबंद करतं तसं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही सैल झालं, की मागच्या खुर्च्यांतूनही सुस्कारे ऐकू आले. “एकदम बरोबर. ताई, तुम्ही इथेच. प्रश्न नाही.” मग ते जरा थांबले. “फक्त ती आधीची कुलपं. पुढच्या लोकांनाही असंच शिकवलं जाणार असेल, तर मॅडम, मला जरा विचार…”

“सर, मी म्हटलं ना, ती माझीच…”

“अहो साहेब, माउस!” तात्या उभेच राहिले. “ताईंच्या टेबलाचा माउस खराब आहे केव्हापासूनचा. मी सांगणारच होतो. असा नाचतो मेला. त्याच्यापुढे माणूस कुलूप लावील नाहीतर काय करील?”

“माउस होय!” साहेबांनी तो शब्द दोन्ही हातांनी झेलला. “मग सांगायचं ना. ताईंना नवा माउस द्या. आजच्या आज. झालं, संपलं. पुढे कोण?”

झालंच होतं. खुर्ची राहिली होती, पोरीचं काम राहिलं होतं, सगळ्यांनी मिळून सगळं कसं अलगद सावरलं होतं. तिने फक्त उठायचं आणि जागेवर जाऊन बसायचं होतं. संध्याकाळपर्यंत नवा माउस येईल. तोही नाचेल. मग टेबल खराब असेल. मग अर्धा कप पाव कप होईल, आणि मशीन आणखी कंजूष होईल, आणि घरी तो बिचारा पाणी पीत राहील.

रेघताईने भिंतीकडे बघितलं. हात अजून माउसवरच होता. काळ्या, सरळ, आखीव रेघांच्या मधोमध पंज्याएवढा पांढरा बाण एकटाच थरथरत होता, आणि एवढ्या भरलेल्या खोलीत त्याच्याकडे बघणारी ती एकटीच होती.

मॅडमनी घडी केलेला रुमाल पुढे धरला. तिने तो घेतला नाही.

“माउस चांगला आहे,” ती म्हणाली. “आणि या मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं, कुलूप लावू नका म्हणून. लावली मी, आणि लपवली पण मीच.”

“ताई, जाऊ द्या ना आता,” तात्या जवळजवळ रडवेल्या आवाजात म्हणाले.

तिने उजवा हात माउसवरून उचलला आणि टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, मोकळा ठेवला.

“माझा हात थरथरतो, साहेब.”